रविवारची हजेरी

पहाटे साडेपाचला शालननं नवऱ्याच्या फोनवरून माया मॅडमना एक रिंग दिली आणि कापली. कापताना तिला स्वतःचा अंगठा पिवळा दिसला. आदल्या संध्याकाळची हळद, तीनदा साबण लावूनही नखाच्या कडेला राहिलेली. फोन तळहातावर धरून ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. दहा मोजेपर्यंत काही झालं नाही. मग स्क्रीन उजळली, ‘माया मॅडम’ अशी अक्षरं आली, एकदा वाजलं आणि थांबलं. म्हणजे निवृत्त हवालदार रवींद्र गुणाजी तांबे आज घेणार नाहीत, हे ठाण्यात टेंभी नाक्यावर पोचलं. आणि इथे डोंबिवलीत, मानपाड्याला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, तेच हवालदार तांबे पँटशर्टासकट पालथे पडले होते आणि अख्ख्या खोलीला रमचा वास येत होता. शालनला हसू आलं. आलं ते आलं, ओठ दाबूनही जाईना. कितीतरी महिन्यांनी तिला असं आतून हसू आलं होतं, आणि ते कशाचं आहे हे कळल्यावर तिनं फोन उशीखाली सारला.

हजेरीची ही रीत ‘सैनिक साथ’ केंद्राची. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर फौजेतून निवृत्त झालेली माणसं जमतात, दारू सोडलेली आणि सोडू बघणारी. प्रत्येकाला एक साथी ठरवून दिलेला असतो. सकाळी साडेपाचला साथीला एक रिंग द्यायची आणि कापायची. म्हणजे, मी हाजिर आहे, आज घेणार नाही. साथीची एक रिंग परत येते. म्हणजे, मीपण हाजिर आहे. बोलायचं काही नाही. चोवीस वर्षं पहाटे फॉलिनच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अकरा महिने शालन भिंतीकडे तोंड करून, झोपेचं सोंग घेऊन ही हजेरी ऐकत आली होती. रविवारी केंद्रात सात वाजता मीटिंग असे, म्हणून रवींद्र पाचलाच उठून वीस मिनिटांत घराबाहेर पडे. त्या दिवशीची हजेरी तो रिक्षातून देत असणार, असं तिनं धरून चालवलं होतं. बाकीचे सहा दिवस तो गॅलरीत जाई, रिंग देई आणि कठड्याला टेकून थांबे. रिंग परत आली की एकदा खाकरे. ते खाकरणं शालनला पाठ झालं होतं. मग आत येऊन तो चहा टाकी, दोन कप, आलं ठेचून. सत्तावीस वर्षांच्या संसारात ज्यानं कधी शेगडी पेटवली नाही त्याच्या हातचा चहा बायकोनं सोन्याचा मानून प्यायला हवा. ती प्यायची. पण प्रत्येक घोटाला तिला वाटायचं, हा चहा त्या रिंगचा आहे. रिंग आली नसती तर चहा झाला नसता.

बाई दिसायला बरी असती तर सगळं सोपं झालं असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी केंद्रात घरच्यांनाही बोलावतात. शालन पहिल्यांदा गेली ती मुद्दाम मोरपंखी साडी नेसून, पदराला चापूनचोपून पिना लावून. आणि समोर आल्या त्या साठी उलटलेल्या, पुरुषासारखे बारीक केस कापलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधून चालणाऱ्या माया मॅडम. लष्करी इस्पितळात नर्स होत्या. आवाज असा की ऐकणारा खुर्चीत आपोआप ताठ बसावा. त्यांनी उभं राहून सांगितलं, “मी माया. हाजिर. एकोणीस वर्षं झाली.” म्हणजे यांनीही कधीकाळी घेतलेली! शालन बघतच राहिली. आजूबाजूचे मिशाळ, पोट सुटलेले फौजी माना डोलवत होते आणि त्यांच्यात रवींद्रची मान सगळ्यात जास्त डोलत होती. त्या डोलण्यात शालनला जागा नव्हती. तिनं जन्मात थेंब चाखला नव्हता, हाच जणू तिचा गुन्हा. ही सवत असती तर झिंज्या धरून भांडता तरी आलं असतं. या बाईच्या डोक्यावर धरण्यापुरते केससुद्धा नव्हते.

आणि शालननं काय कमी केलं होतं? बाटल्या मोरीत ओतल्या. लेबलावर नखानं खूण करून ठेवली. आता सासरी गेलेली लेक संचिता लहान असताना तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, ती त्यानं रडत घेतली आणि तीन दिवस पाळली. स्टेशनबाहेर भिंतीवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात होती, तिथून पावडर आणून चहात घातली. त्यानं रवींद्रला चार दिवस जुलाब झाले आणि पाचव्या दिवशी अशक्तपणा घालवायला म्हणून तो पुन्हा प्यायला. कंपनीत तो सिक्युरिटी सुपरवायझर. त्याच्या साहेबांना फोन करून शालननं इतक्यांदा व्हायरल ताप सांगितला की साहेब एकदा म्हणाले, वहिनी, एवढे व्हायरस आमच्या एमआयडीसीतसुद्धा नसतील. तिनं तेही हसण्यावारी नेलं. उलटी कधी येणार हे तिला त्याच्या श्वासावरून कळे. मान कुठल्या कुशीला वळवायची, लिंबूपाणी कधी द्यायचं, रडायला लागला की किती वेळ रडू द्यायचं, सगळं तिच्या हाताला ठाऊक होतं. ऐन थंडीत तो घामानं भिजायचा तेव्हा त्याचं डोकं तिच्याच मांडीवर असायचं. तेव्हा तो तिला शालू म्हणायचा. दारू सुटली तशी ती पुन्हा शालन झाली. गरज सरो, वैद्य मरो.

त्या कार्डाची गोष्ट तर तिला आठवली की अजूनही तळपायाची आग मस्तकात जायची. माजी सैनिकांना कॅन्टीनमधून महिन्याला ठरलेल्या बाटल्या मिळतात, त्याचं कार्ड असतं. दहा वर्षं ती ते कार्ड मागत होती. कधी लाडानं, कधी जेवण बंद करून, एकदा तर माहेरी आंबिवलीला महिनाभर राहून. “कोटा आहे माझा. देशाची सेवा केलीये,” असं म्हणून त्यानं पाकीट उशाखाली घेतलं होतं. आणि केंद्रात जायला लागून दोन आठवडे झाले नाहीत तोच ते कार्ड त्यानं स्वतःहून माया मॅडमच्या हातात ठेवलं. मॅडमनी ते लोखंडी कपाटात, बाकीच्यांच्या कार्डांच्या गठ्ठ्यात, रबर लावून ठेवलं. शालननं हे डोळ्यांनी पाहिलं. रवींद्रचा तरुणपणीचा फोटो असलेलं ते कार्ड, तिचं अर्धं आयुष्य खाल्लेलं, आणि या बाईनं त्याला रबर लावलं. वीस वर्षं नांगरलं कुणी आणि पीक कुणाच्या दारात. पिकतं तिथे विकत नाही, हे ती स्वतःला समजावून बघायची. समजूत पटायची नाही.

पण खरा काटा वेगळाच होता. घरच्यांच्या दुसऱ्या की तिसऱ्या मीटिंगनंतर चहा घेताना माया मॅडम तिच्याशेजारी येऊन बसल्या आणि सहज म्हणाल्या, “शालनताई, तांबे आता सुखदेवबद्दल बोलायला लागलेत, हे फार बरं झालं. बर्फात गमावलेल्या सोबत्याचं एवढं ओझं घेऊन आलेला माणूस.” शालननं मान हलवली. जणू काही तिला सुखदेव कोण हे पहिल्यापासून माहीत होतं. बर्फात पोस्टिंग झालेलं तिला ठाऊक होतं. तिथून आल्यावरच पिणं वाढलं, तेही ठाऊक होतं. पण सुखदेव? सत्तावीस वर्षांत, शुद्धीत किंवा बेशुद्धीत, हे नाव त्यानं तिच्यासमोर एकदाही काढलं नव्हतं. तिनं चहाचा कागदी कप चुरगळला आणि मॅडमना म्हणाली, “हो ना, फार सोसलंय त्यांनी.” परत येताना ती नवऱ्याच्या शेजारी बसली होती आणि त्याच्या दाढीकडे बघत होती. या तोंडातून त्या खोलीभर पुरुषांसमोर काय काय बाहेर पडलंय! तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्याला माहीत नव्हतं हे कबूल करावं लागलं असतं, आणि तेवढा एकच मान तिच्याकडे उरला होता. त्या दिवसापासून पहाटेची रिंग तिला नुसती ऐकू यायची नाही, पोटात लागायची.

सहा वाजून गेले. रवींद्र कुशीवर वळला. शालननं त्याच्या पायांतले मोजे काढले, शर्टाची दोन बटणं सोडली, उशाशी बादली आणली. हात आपोआप चालत होते. खालच्या मजल्यावर दूधवाल्यानं बेल मारली, कंपन्यांकडून तो रोजचा जळका वास आला, आणि तिला बरं वाटत होतं. हे बरं वाटणं ती झटकत होती आणि ते पुन्हा येऊन बसत होतं. आता या घरात असं काहीतरी होतं जे माया मॅडमना माहीत नव्हतं. फक्त तिला आणि त्याला. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेल्या त्या बाईला साडेपाच वाजता एका अंगठ्यानं फसवलं होतं.

काल नको म्हणत होता तो. शालनच्या भावाच्या मुलाचं, प्रीतमचं लग्न. शनिवारी संध्याकाळी आंबिवलीला हळद, रविवारी साडेबाराला लग्न. आठ दिवस आधीच रवींद्र जेवताना हळूच म्हणाला होता, “मॅडम बोलल्या, लग्नाला जा, हळदीला नको. मी रविवारी येतो ना डायरेक्ट.” खरं तर यात वावगं काय होतं? आपल्याकडच्या हळदीत मांडवामागे काय चालतं हे शालनला कुणी शिकवायला नको होतं. हेच तो स्वतःहून म्हणाला असता तर तिनं त्याची दृष्ट काढली असती. पण मॅडम बोलल्या! तिच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. “माझ्या भावाच्या घरची हळद. नवऱ्या मुलाची आत्या आहे मी. आणि तुमची मॅडम सांगणार आम्ही कुठे जायचं? एवढा तिचा शब्द खाली पडत नसेल तर जा की तिच्याकडेच राहायला.” त्यानं खाली मान घालून जेवण संपवलं. शनिवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर तिची वाट बघत उभा राहिला. शाळेत नाव घालायला नेलेल्या मुलासारखा.

आंबिवलीला तिनं पाहिलं होतं. हेच ती आता बादलीकडे बघत स्वतःला सांगत होती. पाहिलं नाही असं नाही. मांडवात डीजे लागलेला, बायकांचा गराडा, प्रीतमला पाटावर बसवलेलं. मांडवाच्या मागच्या कनातीपाशी रवींद्र हातात थंड्याचा ग्लास धरून उभा होता आणि तिचा भाऊ दगडू त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणत होता, “दाजी, आज एक दिवस! पोराच्या हळदीला कोरडं ऱ्हायचं काय? फौजी माणूस ना तुम्ही!” रवींद्रनं मान वर करून बायकांच्या गर्दीत तिला शोधलं. सापडली ती. दोघांची नजरानजर झाली. मोठमोठ्यानं हाक मारून बोलवायची गरज नव्हती, तिनं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. एवढ्या वर्षांत अशाच एका डोळ्यानं तिनं त्याला किती पंगतींतून उठवलं होतं. पण त्याच क्षणी तिच्या डोक्यात आलं, बघू तरी, तिची हजेरी आता कशी उपयोगी पडते. आणि ती वळली. पाटावरच्या प्रीतमच्या दोन्ही गालांना तिनं हळद माखली, आत्याचा मान होता तो, आणि बायका हसल्या, तीही हसली. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा थंड्याच्या ग्लासाचा रंग बदलला होता.

तो उठला तेव्हा नऊ वाजायला आले होते. आधी छताकडे बघत पडला, मग एकदम उठून बसला आणि बादलीत ओकला. शालननं पाठ चोळली. पाणी दिलं. त्यानं चूळ भरली आणि तिच्या खांद्यावर कपाळ टेकवलं.

“शालू,” तो म्हणाला. “वाट लागली गं.”

अकरा महिन्यांनी. तिनं डोळे मिटून घेतले. त्याच्या मानेला घामाचा आणि शिळ्या रमचा वास येत होता, नको नको म्हणताना ओळखीचा झालेला. तिला रडू आलं आणि ते दुःखाचं नव्हतं.

“काय नाय लागली वाट. झोपा तुम्ही. लिंबूपाणी आणते.”

“तीनशे चाळीस दिवस झालेले.” तो बोटांकडे बघत होता. “परवाचा तीनशे चाळिसावा. आता परत एकपासून. त्या सगळ्यांसमोर उभं राहून एक म्हणायचं.”

“कुणी सांगितलंय म्हणायला?”

“मला ना, कसंतरीच होतंय. छातीत धडधडतंय. हात बघ.” त्यानं हात पुढे केला. मग खाली बघत, जुन्याच आवाजात, जो तिला वाटलं होतं कायमचा गेला, तो म्हणाला, “दगडूनं काय दिलंय का गं पिशवीत? नाय, उताऱ्यापुरती. एवढीशी. म्हणजे अंग जरा जाग्यावर येईल, लग्नाला उभं राहता येईल. मग बंद. तुझी शपथ.”

दिली होती. निघताना दगडूनं लाडू-करंज्यांच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून रमची एक चपटी टाकली होती आणि डोळा मारून म्हणाला होता, ताई, सकाळी दाजींना लागेल. घरी आल्यावर ती मोरीत ओतायची, हे तिनं रिक्षात ठरवलं होतं. ओतली नव्हती. डब्यांच्या मागे ठेवली होती. का ठेवली होती हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं, आणि आताही विचारलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली. स्टीलचा लहान ग्लास घेतला, तो ठेवून काचेचा घेतला. झाकण फिरवताना कडकड आवाज झाला. जन्मात पहिल्यांदा तिनं बाटली मोरीऐवजी ग्लासात ओतली. दोन बोटं. मग पाणी. हात अजिबात थरथरला नाही, याचंच तिला नवल वाटलं. डॉक्टरांनी मागच्या वर्षी लिव्हरचे कागद समोर ठेवून सांगितलं होतं की यापुढे त्यांनी घेतली तर माझ्याकडे आणू नका. ते शब्द तिला नीट आठवत होते, डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडरसुद्धा आठवत होतं. आणि तरी ती ग्लास घेऊन बाहेर आली. दुसरीकडे त्याला काहीही मिळू दे, हे तर इथेच मिळेल, माझ्या हातून, असं काहीसं तिच्या मनात चाललं होतं, आणि त्याला शब्द द्यायच्या आत ग्लास त्याच्या हातात गेला होता.

त्यानं ग्लास दोन्ही हातांनी धरला. तोंडाला लावला नाही. नुसता धरून बसला.

“मॅडमना काय सांगायचं?” तो म्हणाला.

“काहीच नाय.” शालन त्याच्या शेजारी बसली. हे सांगायचा क्षण ती सकाळपासून जपून ठेवत आली होती. “हजेरी दिलीये मी. बरोबर साडेपाचला. तुमच्या फोनवरून एक रिंग. परतपण आली. कुणाला काय कळलं नाय. मीटिंगला नाय गेलात ते लग्नामुळे, असंच समजतील.”

रवींद्रनं मान वर केली. त्याचे डोळे लाल होते, पण नजर एकदम जागी झाली.

“आज?”

“मग कधी?”

“आज रविवार आहे.”

“असेना का.”

“रविवारी रिंग नसते गं,” तो म्हणाला. “रविवारी समोर जाऊन उभं राहायचं असतं. अकरा महिन्यांत मी रविवारी कधी रिंग नाय दिलेली. कुणीच देत नाय.”

शालनला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. म्हणजे साडेपाच वाजताच त्या बाईला समजलं होतं. फोन रवींद्रचा, पण रिंग त्याची नाही. घरात दुसरं आहे कोण? चोरी पकडली जाते तेव्हा माणूस आधी चिडतो, तशी ती चिडली. कळलं होतं तर फोन करायचा होता! बोलायचं होतं काहीतरी! पण त्या बाईनं काहीच विचारलं नव्हतं. दहा आकडे मोजून होईपर्यंत थांबली, आणि तिनं एक रिंग परत दिली.

“परत आली?” रवींद्रनं विचारलं. “नक्की आली?”

“आली.”

“मग ती तुलाच आली.”

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. शालन ते ऐकत बसली. रवींद्र ग्लासाकडे बघत होता. बघता बघता त्याच्या कपाळावर आठी आली, काहीतरी उशिरा लक्षात आल्यासारखी.

“ही तू ओतलीस?” तो म्हणाला.

ती अंगठ्याच्या नखाकडची हळद खरवडायला लागली.

“तू ओतलीस, शालन?”

शालू गेली. इतक्या लवकर गेली. “तुम्हीच मागितलीत,” ती म्हणाली.

“मी मागणारच. मी तर मरेपर्यंत मागणार.” त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेतात तिथे. धोक्याच्या जागा लिहा. मी लिहिल्या, हळद, फौजींची पार्टी, स्टेशनसमोरचा बार, पगाराचा दिवस. मग खाली असतं, धोका नसलेली जागा. त्यात मी काय लिहिलं माहितीये? घर. मॅडमनी विचारलं, कशावरून? मी बोललो, बायको आहे घरात. मी पाया पडलो तरी तिच्या हातून मला मिळणार नाय.”

अकरा महिने ती ज्या खोलीबाहेर उभी राहून जळत होती, त्या खोलीत एका कागदावर ती होती. बाकी सगळ्यांच्या वरताण होती. आणि हे तिला कळलं ते असं, अशा वेळी, तो ग्लास भरून झाल्यावर. तिला त्या कागदाचासुद्धा राग आला. सांगायचं नाही का माणसानं?

“आणि सुखदेव?” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. “ते नाव त्या बाईच्या तोंडून ऐकायचं का मी? मी कोण मग? बादली उचलणारी?”

रवींद्रनं ग्लास गुडघ्यावर टेकवला. ग्लासातली रम हातांबरोबर हलत होती.

“त्याला घरात नव्हता आणायचा,” तो म्हणाला. “एवढंच.”

तिला वाटलं होतं, विचारलं की भांडण होईल, रडारड होईल, मग तो सगळं सांगेल आणि ती माया मॅडमच्या बरोबरीला येऊन बसेल. तसं काही झालं नाही. तो ग्लास घेऊन बसला होता आणि ग्लास हिसकावून घ्यायचा हक्क तिनं आपल्या हातानं घालवला होता. एरवी तिनं तो भिंतीवर फोडला असता. आज हात उचलेना. तो ग्लास वर नेत होता की नुसताच हात थरथरत होता, तेही तिला कळेना. दुपारी साडेबाराला आंबिवलीत प्रीतमवर अक्षता पडतील, दगडू म्हणेल, दाजी कुठायत, आणि हा माणूस एक घोट घेईल, मग दुसरा, मग आणखी कुणाच्या तरी पिशवीतून चपटी निघेल, आणि ती मोजे काढेल, बादली आणेल, साहेबांना व्हायरल सांगेल. शालू, शालू म्हणत तो तिच्या मांडीवर मरून जाईल. पूर्णपणे तिचा होऊन. हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की ती उठून उभी राहिली.

उशीखालून तिनं फोन काढला. मग तो ठेवला आणि फ्रिजवरचा आपला घेतला. मॅडमचा नंबर त्यात नव्हता. त्याच्या फोनमध्ये बघून एकेक आकडा दाबावा लागला. पिवळा अंगठा दोनदा चुकला. रिंग गेली. एक झाली. तिनं कापली नाही. दोन. तीन. रवींद्र बघत होता.

“बोला,” पलीकडून तो आवाज आला. ताठ बसायला लावणारा. मागे खुर्च्या उचलून ठेवल्याचे आवाज येत होते, मीटिंग संपलेली असावी.

शालनला वाटलं, आता ही विचारेल, कोण? पण त्यांनी विचारलं नाही. नुसत्या थांबल्या. सकाळी दहा मोजेपर्यंत थांबल्या होत्या तशा. त्या खोलीत बसून अकरा महिन्यांत तिनं दुसरं काहीच शिकून घेतलं नव्हतं, पण ती माणसं उभी राहून काय म्हणतात ते तिला पाठ होतं. राग तसाच होता. त्या बाईचा आवाज ऐकून तो पुन्हा पोटातून वर आला, आणि नवऱ्याची मान फोनच्या दिशेनं वळलेली पाहून तर आणखी भडकला. त्या रागासकटच ती भिंतीला टेकून नीट उभी राहिली.

“मी शालन,” ती म्हणाली. “शालन तांबे. हाजिर.” तिनं रवींद्रच्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. “काल मी यांना हळदीला नेलं. दिसत होतं मला, तरी तोंड फिरवलं. आणि आता, म्हणजे आत्ताच, मी माझ्या हातानं ओतली.”

पलीकडे खुर्च्यांचे आवाज थांबले. रवींद्रनं ग्लास खाली स्टुलावर ठेवला; काच लाकडाला लागल्याचा आवाज त्या फोनमध्येसुद्धा गेला असणार.

“हाजिर,” माया मॅडम म्हणाल्या. “दोघंही या.”